नकाराचे प्रामाण्य

एखादे ज्ञान खरे आहे, हे त्या ज्ञानातच कळते की बाहेरून ताडून पाहावे लागते? भारतीय दर्शनांतला हा जुना वाद. मीमांसक म्हणतात, ज्ञान मुळात प्रमाणच असते. ते खोटे ठरवायचे तर त्याला बाध आणणारे दुसरे ज्ञान किंवा त्याच्या कारणातला दोष दाखवावा लागतो. नैयायिकांच्या मते खरेपणा आणि खोटेपणा दोन्ही बाहेरूनच ठरतात. पाणी दिसले एवढ्याने भागत नाही, तहान भागली की ते पाणी. युनिक्सच्या नेटवर्कवर लॉगिन करताना पडद्यावर ‘लॉगिन इनकरेक्ट’ उमटते, तेव्हा हाच वाद वेगळ्या वेषात समोर येतो. या नकाराला प्रमाण मानायचे का?

यंत्र नेमके काय तपासते ते आधी पाहू. युनिक्स पासवर्ड जसाच्या तसा साठवत नाही. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी १९७९च्या निबंधात मांडलेल्या पद्धतीत पासवर्डची पहिली आठ अक्षरे किल्ली म्हणून घेतात आणि डीईएस या सांकेतीकरणाची किंचित बदललेली प्रक्रिया २५ वेळा चालवतात. तिच्यात ४०९६ पैकी एक ‘सॉल्ट’, म्हणजे सहजगत्या निवडलेले मूल्य, मिसळलेला असतो. हाती येतात १३ अक्षरे, त्यांतली पहिली दोन सॉल्टची. लॉगिनच्या वेळी टाइप केलेल्या पासवर्डवर तीच प्रक्रिया पुन्हा होते आणि दोन ओळी जुळतात का, एवढेच पाहिले जाते. आता एनआयएसवर, म्हणजे एका सर्व्हरवरच्या पासवर्ड-नोंदी सगळ्या यंत्रांना पुरवणाऱ्या व्यवस्थेवर, चालणारे नेटवर्क घ्या. नव्या सर्व्हरने पासवर्ड एमडी-५ पद्धतीने साठवला आहे: ३४ अक्षरे, सुरुवातीला डॉलर, एक, डॉलर. जुन्या क्लायंटला फक्त डीईएस येते. तो ‘डॉलर, एक’ यालाच सॉल्ट समजतो, इमानेइतबारे १३ अक्षरे काढतो आणि ती ३४ अक्षरांशी ताडतो. जुळणे शक्यच नाही. पासवर्ड बरोबर, माणूस खरा, तरी नकार. उलटही घडते. डीईएसची ही पद्धत आठ अक्षरांपुढे पाहतच नाही, त्यामुळे नवव्यापासून काहीही टाइप केले तरी प्रवेश मिळतो.

होकार चुकतो, नकारही चुकतो, आणि दोन्ही सारख्याच ठामपणे येतात. इथे नैयायिकांचे पारडे जड होते. मीमांसक विचारतील, तपासणीचीही तपासणी करत बसलात तर अनवस्था, म्हणजे कधीच न संपणारी साखळी, ओढवेल, त्याचे काय? ओळख पटवणारी कर्बेरॉस ही दुसरी व्यवस्था आणली तर घड्याळावर भिस्त ठेवावी लागते. दोन यंत्रांच्या वेळेत सहसा पाच मिनिटांहून जास्त फरक पडला की खरा पासवर्डही चालत नाही. मग घड्याळ कोणी तपासायचे? आक्षेप वजनदार आहे. पण शंका असेल तिथवरच तपासायचे आणि काम तडीस गेले की थांबायचे, हे त्याचे उत्तर व्यवहारात रोज सापडते. अ‍ॅडमिन तोच पासवर्ड थेट सर्व्हरवर चालतो का ते पाहतो. चालला की माणसावरचा संशय संपतो आणि क्लायंटवर येतो. मग साठवलेल्या ओळीची सुरुवात वाचली की दोष उघड होतो. कारणदोष शोधण्याची ही दृष्टी मात्र मीमांसकांनीही दिलेली आहे, हे मान्य करायला हवे.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा: शंका आली तर नकारच बरा. खरे आहे. पण प्रवेश रोखणे हा व्यवहारातला निर्णय झाला. त्यावरून माणूस खोटा, असे अनुमान निघत नाही. तो संदेशही तसे म्हणत नाही. नाव चुकले की पासवर्ड, हेसुद्धा तो मुद्दाम सांगत नाही. खोटेपणाचा ठपका आपण ठेवतो. रेशन दुकानात ई-पॉस मशीनवर कष्टाने झिजलेला अंगठा लागत नाही, तेव्हा हा फरक थेट पोटावर येतो. यंत्राच्या नकाराने एवढेच सिद्ध होते की दोन नोंदी जुळल्या नाहीत. त्या का जुळल्या नाहीत, हे शोधण्याचा भार नोंद ठेवणाऱ्यावर असतो. तो समोरच्या माणसावर टाकणे हा आधी तर्कदोष आहे आणि मग अन्याय.