समेची ओढ

पुण्यातल्या सवाई गंधर्व महोत्सवात ख्याल रंगलेला असतो. विलंबित एकताल, बारा मात्रांचं सावकाश आवर्तन. गवई आलाप आवरत मुखड्याशी येतो, ठेका समेकडे, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेकडे, सरकतो आणि नेमक्या मात्रेवर मांडवातल्या माना एकदम डोलतात. एकमेकांची ओळख ना पाळख, पण दाद एकाच क्षणी!

हे होतं कसं?

कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांनी संगीत ऐकून अंगावर काटा येणाऱ्यांचे मेंदू तपासले. २०११ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आवडती जागा आली की मेंदूत डोपामिन हे सुखाशी जोडलेलं रसायन स्रवत होतं, आणि ती येणार म्हणून जीव आतुर झालेला असतानाही! फक्त मेंदूचा भाग वेगळा. म्हणजे समेइतकंच तिची वाट पाहण्यातही सुख आहे. समेवर यायच्या आधी श्रोत्यांना ताटकळत ठेवणाऱ्या गवयांची ही जाण केवढी मोठी!

त्या प्रयोगात प्रत्येकाने आपल्या आवडीचं संगीत आणलं होतं. एकाला शहारून टाकणारी रचना दुसऱ्याला नुसती धून वाटे. तेव्हा आज सकाळी आजोबा नाट्यगीतात हरवले असतील आणि नात शेजारी कोरडीच बसली असेल, तर तिच्यावर रागावू नये. तिचं गाणं कोणतं, ते तिला विचारावं आणि तिच्यासोबत बसून पूर्ण ऐकावं.