भिंतीतला औदुंबर

दत्तमहाराजांना घर नाही. दुपारची भिक्षा कोल्हापुरात आणि रात्रीची निद्रा माहूरगडावर, हा त्यांचा नित्यक्रम आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्यांचे भक्त आपण मात्र जन्मभर घराच्या मागे. कर्ज काढायचे, हप्ते फेडायचे आणि त्या घराच्या कोनाड्यात या बिनघराच्या देवाला बसवायचे. यात काही विसंगती आहे असे मला पूर्वी कधी वाटले नाही. गेल्या दिवाळीनंतर आम्ही दोघे पुण्याचा फ्लॅट सोडून कुरुंदवाडजवळ मामांच्या घरात राहायला आलो, तेव्हापासून हा विचार डोक्यात आहे.

मामांच्या पश्चात घराला बरीच वर्षे कुलूप होते. दगडी जोते, वर विटांच्या भिंती, मंगलोरी कौले, मागे परस. वाडी जवळ, मनात आले की मनोहर पादुकांचे दर्शन. म्हातारपणी आणखी काय हवे? पण फ्लॅटमधल्या माणसाला घर म्हणजे काय हे ठाऊकच नसते. टाकी, जिना, गटार सगळे सोसायटीचे. महिन्याचे पैसे भरले की आपण मोकळे. इथे पहिल्याच आठवड्यात कळले की घर रोज काहीतरी मागते. कौले चाळून घ्यायची, पन्हळीतला पाला काढायचा, फरशीवरचे शेवाळ खराट्याने घासायचे, दाराच्या चौकटीला लागलेली वाळवी बघायची. परसात कमरेएवढे गाजरगवत. ते मी मोठ्या उत्साहाने कोयत्याने छाटले आणि महिन्याभरात ते पुन्हा तरारून आले. मग समोरचा शेतकरी हसत म्हणाला, "काका, फुलाय आधी मुळासकट उपटा, आन् हाताला कापड गुंडाळा, न्हाईतर खाजवत बसशीला." तोवर खाजवून झाले होते.

भागवताच्या एकादश स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतात. नाथमहाराजांनी ते मराठीत किती खुलवले आहेत हे वाचकांना सांगायला नको. त्यातले चार गुरू आमच्या आधीच तिथे राहायला आलेले होते. माळ्यावर पारवे, कोपऱ्याकोपऱ्यात कोळी, खिडकीच्या चौकटीत कुंभारमाशीची मातीची घरटी आणि परसातल्या लाकडांच्या ढिगाखाली सापाची कात. जाळी काढायला झाडू उचलला आणि माझा हात थबकला. ही मागून म्हणाली, "गुरुपौर्णिमेला बोलवू हं त्यांना. आता झाडा आधी." झाडले. पण ती कात मात्र बरेच दिवस मनात राहिली. साप स्वतःचे घर बांधत नाही, दुसऱ्याने केलेल्या घरात सुखाने राहतो, म्हणून अवधूतांनी त्याला गुरू केले. मीही मामांनी घाम गाळून बांधलेल्या घरात आयताच शिरलो होतो. फरक एवढाच, की सापाने दारावर स्वतःच्या नावाची पाटी लावली नव्हती. मी पहिल्या दिवशीच लावली.

आता मुख्य गोष्ट सांगतो. चैत्रात न्हाणीघराची बाजू साफ करताना शेजारच्या वहिनींच्या आणि आमच्या सामाईक भिंतीत एक रोपटे दिसले. पाने पाहिली आणि अंगावर काटा आला. औदुंबर! कुणी लावला नाही, पाणी घातले नाही, विटांच्या फटीत अंगठ्याएवढ्या जाड खोडाचा, हातभर वर आलेला. उंबर पाखरे आणि वटवाघळे खातात, त्यांच्या विष्ठेतून बी फटीत पडते आणि पावसात रुजते, हे शास्त्र मला ठाऊक आहे. तरीही वाटले, महाराज आपल्याआधी येऊन आपली वाट बघत थांबले होते. औदुंबर तोडायचा नाही, हे तर रक्तातच. मी त्याच्या बाजूला एक फरशीचा तुकडा बसवला. गुरुवारी दिवा, रोज हळदकुंकू. येणाराजाणारा हात जोडायचा, "भाग्यवान आहात" म्हणायचा. खोटे कशाला बोलू, मला ते आवडायचे. घराची बाकीची कामे करताना कंबर मोडायची. या एका जागेला मात्र काहीच करायचे नव्हते, आणि पुण्य सगळ्यात जास्त तिथेच.

आषाढात पाऊस लागला. एक दिवस ही वहिनींकडे विरजण मागायला गेली आणि गप्प परत आली. जेवताना म्हणाली, "तुम्ही एकदा त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन या." गेलो. आमच्या न्हाणीकडच्या भिंतीला वरपासून खाली भेग, तिच्यातून पाणी झिरपतेय, पोपडे सुटलेत. ज्वारीची पोती आणि डाळींचे डबे त्यांनी सोप्यात आणून ठेवले होते. देवघर तर आधीच हलवले होते. वय पंचाहत्तरीचे, मुलगा इचलकरंजीला. मी विचारले, "वहिनी, मला सांगायचं नाही का?" त्या म्हणाल्या, "कसं सांगायचं भाऊ? देवाचं झाड. तुम्ही एवढं मनोभावे करताय. आमचंच काहीतरी चुकलं असंल म्हणून आमच्या बाजूनं गळतंय."

हे वाक्य मला अजून झोपू देत नाही. भिंतीला भेग मुळांमुळे पडली, ते निसर्गाचे काम. पण त्या बाईंचे तोंड माझ्या भक्तीने बंद केले होते. मी आळस केला असता, तर त्यांनी चार शब्द सुनावले असते आणि तो त्यांचा हक्क होता. मी दिवा लावला, म्हणून त्या स्वतःलाच दोषी मानत गळके घर सोसत राहिल्या. माझ्या पुण्याचे भाडे त्या भरत होत्या.

घरी येऊन मी गुरुचरित्रातला औदुंबराचा महिमा पुन्हा वाचला. हिरण्यकश्यपूला फाडल्यावर नृसिंहाच्या नखांत भिनलेला दाह लक्ष्मीने आणलेल्या उंबराच्या फळांनी शमला, अशी ती कथा. दुसऱ्याचा दाह शमवणारे झाड म्हणून ते पूज्य. वाचलेले अनेकदा होते, पण भिंतीच्या पलीकडे काय चालले आहे याच्याशी ते कधी जोडले नव्हते.

तरीपण तोडायला हात होईना. ओळखीचे दोन-तीन जण म्हणाले, मजुराकडून तोडून घ्या, म्हणजे दोष लागत नाही. हा उपाय मला सगळ्यात ओंगळ वाटला. दोष असेलच तर तो रोजंदारीच्या माणसाच्या डोक्यावर का? भाद्रपदात उघडीप मिळाल्यावर गवंडी बोलावला. त्याने बघितले आणि सांगितले, "वरनं कापून काय हुनार न्हाई काका, मुळावरनं परत फुटतंय. धा-बारा इटा काढाय लागतील. मुळं समदी निघनार न्हाईत." मी म्हटले, विटा तू काढ, झाड मी काढतो. अर्धा दिवस लागला. मुळे विटांना चिकटून चपटी झाली होती, माणसाने भिंतीला पाठ लावून उभे राहावे तशी. जेवढी सुटली तेवढी ओल्या गोणपाटात गुंडाळली. आत खोल गेलेली तुटली. त्यांवर गवंड्याने औषध लावले, ती पुन्हा फुटू नयेत म्हणून. ते मी समोर उभे राहून पाहिले. महाराजांची क्षमा मागितली, पण "दुसऱ्याने केले" असे म्हणायची सोय ठेवली नाही.

झाड परसात, दोन्ही घरांपासून लांब, खड्डा खणून लावले. भिंत दोन्ही बाजूंनी गिलावा करून घेतली. वहिनी अर्धे पैसे द्यायला आल्या होत्या, मी घेतले नाहीत. त्या थोड्या रागावल्या. सामाईक भिंतीचा अर्धा खर्च हा त्यांचा मान होता, हे हिने नंतर समजावले. इथेही चुकलोच.

आठ दिवसांत रोपाची सगळी पाने गळाली. नुसती काठी उभी. गाणगापूरच्या संगमावर नरहरीने श्रद्धेने पाणी घातले आणि वाळलेल्या औदुंबराच्या लाकडाला पालवी फुटली, त्याची आठवण हिने करून दिली. मी म्हटले, त्याची श्रद्धा होती, माझी ही देणेदारी आहे. तरी रोज सकाळी परस झाडून झाला की तांब्याभर पाणी घालतो. परवा नखाने साल जरा खरवडून पाहिली. आत हिरवे होते की माझ्या डोळ्यांना तसे दिसले, सांगता येत नाही. वहिनी कुंपणापलीकडून बघत होत्या. म्हणाल्या, "रोज खरवडू नका, भाऊ. त्याला जरा राहू द्या."