बांधीतले तीन वेगळे लोंब

नागभीड तालुक्यातल्या नांदेड या गावी १९८३ साली दादाजी खोब्रागडे यांना ‘पटेल-३’ धानाच्या बांधीत तीन लोंब वेगळे दिसले; त्यांचे दाणे पिवळसर होते. दादाजी जेमतेम तिसरी शिकलेले, शेती तुटपुंजी. त्यांनी ते लोंब जपून ठेवले, पुढच्या हंगामात वेगळे पेरले, आणि त्यातून बारीक दाण्याचा, चांगला उतारा देणारा ‘एचएमटी’ धान तयार झाला. मनात ज्ञान येते कुठून, या जुन्या वादाचा निवाडा करायला हे उदाहरण पुरेसे बोलके आहे.

इंग्लिश तत्त्वज्ञ जॉन लॉकच्या मते मन सुरुवातीला कोरे असते, त्यावर अनुभव लिहीत जातो. तसे असेल तर त्या बांधावरून गेलेल्या प्रत्येकाच्या मनावर तेच तीन लोंब उमटायला हवे होते. पण ‘पटेल-३’ पिकल्यावर कसा दिसतो हे ज्याच्या अंगवळणी पडले होते, त्यालाच हे त्यातले नव्हेत असे वाटणार. न्यायदर्शनाचे अनुयायी, म्हणजे नैयायिक, निर्विकल्पक आणि सविकल्पक प्रत्यक्ष असा भेद करतात. पहिल्यात नुसते काहीतरी भासते. दुसऱ्यात ते अमुक प्रकारचे आहे असे कळते. या दुसऱ्या पायरीला आठवण लागते. पण एवढ्याने कल्पना जन्मजात ठरत नाहीत, कारण ती आठवणही रोवणी-कापणीतच जमा झालेली असते. मात्र जमलेला अनुभव पुढच्या अनुभवाला प्रश्न विचारू लागतो, हे लॉकच्या चित्रात पुरेसे येत नाही.

यावर कोणी म्हणेल, हा निव्वळ योगायोग. वेगळा लोंब उगवला हा योगायोग खरा; पण दादाजींनी पुढे ‘नांदेड चिन्नोर’, ‘नांदेड हिरा’, ‘डीआरके’ असे आणखी वाण निवडून काढले. योगायोग इतक्या वेळा एकाच माणसाच्या शेतात मुक्कामाला येत नाही. दुसरा आक्षेप वजनदार आहे: त्यांना आनुवंशिकता कुठे ठाऊक होती? पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने हे बियाणे नेऊन १९९८ मध्ये ‘पीकेव्ही-एचएमटी’ या नावाने वाण प्रसारित केला, खरे ज्ञान ते. धानात स्वपरागीभवन होते, म्हणून निवडलेला गुण पुढच्या पिढ्यांत बहुधा टिकतो. हे कारण शास्त्र सांगते आणि ते मोलाचे आहे. पण कारण सांगण्याआधी गोष्ट खरी ठरावी लागते. ज्ञानावर विसंबून केलेली कृती यशस्वी झाली की ते प्रमाण असल्याची खात्री पटते, असे वात्स्यायनाने न्यायभाष्यात मांडले. एका चांगल्या पावसाचे यश फसवू शकते, म्हणूनच तेच बी हंगामामागून हंगाम लावून पाहावे लागते. दादाजींनी हेच केले. ज्ञानाची सुरुवात अपेक्षेबाहेरचे काही ओळखण्यात होते आणि ते तपासायची चिकाटी असेल तरच ते तडीस जाते. या दोन्ही गोष्टी जी शाळा शिकवत नाही, तिच्यातून पाठांतर घेऊन मुले बाहेर पडतील, विचार घेऊन नव्हे.