लोकर मिसळताना

चिरंजीव नातीस,
निंबर्ग्याहून लिहिते आहे.

तू चरखा घेतलास आणि घोंगडीचं सूत कातायचं मनावर घेतलंस, हे ऐकून काळीज सुपाएवढं झालं. तुझा हात चांगलाच वळेल. काळजी एवढीच, की सूत बघायच्या ओढीनं आधीची कामं उरकशील.

आपल्या आळंद भागातली मेंढरं दख्खनी, त्यांची लोकर काळी, आखूड, राठ. वर्षातून दोनदा कातरतात, त्याआधी मेंढरं ओढ्यात धुऊन काढतात, तरी मळ राहतोच. तो काढायला लोकर कोमट पाण्यात नुसती भिजू दे, चोळू नकोस. गरम पाण्यात चोळली की तंतू एकमेकांना घट्ट धरतात आणि तिचं जेन होतं, जे बसायला उत्तम पण कातायला निरुपयोगी. सावलीत वाळव आणि वजन त्यानंतरच कर, कारण मळ गेल्यावर भार घटतो.

मग कुसळं आणि गोखरू वेचायचे. पहाटे उठून (तू उठतेसच, मला ठाऊक आहे) कोवळ्या उन्हात दाराशी बस, काळ्या लोकरीतलं कुसळ तेव्हाच नीट दिसतं. वेचताना निघालेली बारीक भुरकी टाकू नकोस, उशीत भर.

करडं सूत हवं असेल तर 300 ग्रॅम काळीला 100 ग्रॅम पांढरी घे. काळीचा पातळ थर, वर पांढरीचा, पुन्हा काळीचा, असा ढीग रचून वरपासून तळापर्यंत उभी मूठ काढायची आणि पिंजायची. मग पुन्हा थर, पुन्हा पिंजण. पूर्वी हे धनुकलीच्या तातीवर व्हायचं, तुझ्या तारेच्या फण्याही चालतील. चरख्यावर रंग आपोआप मिसळतील असं समजू नकोस बाळ, पिंजलेल्या लोकरीच्या पेळूत राहिलेला पट्टा सुतात उतरतोच.

कोकराचं जावळ मिळालं तर तेही घाल, सूत मऊ येतं. पण लांबी जुळती बघ. लांब तंतू आधी ओढले जातात, आखूड मागे राहतात, आणि धागा कुठं जाड, कुठं बारीक होतो. अख्ख्या घोंगडीची लोकर एकदमच मिसळून घे, आज थोडी उद्या थोडी नको, नाहीतर मधेच रंग पालटेल.

पिंजून झालेली लोकर कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून बांधून ठेव. दिवाळीला येशील तेव्हा घेऊन ये. तोवर मी धनगरवाड्यात जावळाचं विचारून ठेवते.

तुझी,
आज्जी