पाहुण्यांच्या कोपऱ्यात



पाहुणचार कसा करावा हे आपल्याला लहानपणापासून शिकवले जाते. दारी आलेल्याला आधी पाणी द्यावे, ताटात त्याला आधी वाढावे. पण पाहुणे कसे व्हावे, दुसऱ्याच्या अंगणात कसे वागावे, हे फारसे कोणी शिकवत नाही. आज हा धडा आपण जरा वेगळ्या ठिकाणी शोधू या: इंग्लंडमधल्या छोट्या फुटबॉल क्लबांच्या मैदानांवर.

लिव्हरपूल, मँचेस्टर युनायटेड ही नावे आपल्या तरुणांना तोंडपाठ आहेत. हे प्रीमियर लीगमधले क्लब, आणि ते आहेत फक्त २०. त्यांच्या खाली तीन श्रेणींत मिळून ७२ क्लब खेळतात आणि त्यांच्याही खाली शेकडो लहान क्लब आहेत. त्यांच्याकडे फार पैसा नसतो, जगप्रसिद्ध खेळाडू नसतात. पण प्रत्येकाला आपले एक गाव असते आणि गावाची माया असते. संघ परगावी खेळायला निघाला की त्याच्यामागे काही समर्थकही निघतात. २०१५-१६ च्या हंगामात प्लिमथ आणि कार्लाइल या गावांचे क्लब चौथ्या श्रेणीत होते. एक गाव इंग्लंडच्या नैऋत्य टोकाकडे, तर दुसरे स्कॉटलंडच्या सीमेजवळ. मधले अंतर सहाशे किलोमीटरच्या वर, म्हणजे साधारण मुंबईहून गोव्याला जावे तेवढे. तेवढा प्रवास करायचा, दीड तासाचा खेळ पाहायचा आणि पुन्हा तेवढाच प्रवास करून घरी यायचे. तेही बऱ्याचदा हरून!

परक्या मैदानावर या मंडळींचे दार वेगळे, जागाही वेगळी. ती बहुधा गोलच्या मागे किंवा एका कोपऱ्यात असते, आणि काही मैदानांवर डोक्यावर छप्परही नसते. भोवती हजारो यजमान, त्यांत हे शे-दोनशे पाहुणे. तरी ते गप्प बसत नाहीत. आपल्या रंगाचा मफलर गळ्यात घालून, घसा बसेपर्यंत आपल्या संघाची गाणी म्हणतात.

इथेच आमच्यापुढे एक प्रश्न उभा राहतो. आपल्या माणसांवर प्रेम करायचे तर समोरच्याचा द्वेष करावाच लागतो का? निष्ठा कुठे संपते आणि तिरस्कार कुठे सुरू होतो?

११ मे १९८५ हा शनिवार होता. त्या दिवशी बर्मिंगहॅमच्या मैदानावर लीड्सचा संघ पाहुणा होता. दोन्हीकडचे समर्थक एकमेकांवर धावून गेले, दंगल झाली, एक भिंत कोसळली आणि १५ वर्षांचा एक मुलगा प्राणाला मुकला. फुटबॉलचा सामना पाहायला गेलेले लेकरू घरी परत आले नाही.

त्याच दुपारी ब्रॅडफर्ड गावात तिसऱ्या श्रेणीचा सामना चालू होता. पाहुणा संघ होता लिंकन सिटी. ब्रॅडफर्डने त्या वर्षीचे विजेतेपद मिळवले होते, त्यामुळे मैदानावर सणाचे वातावरण होते. मध्यंतराच्या थोडे आधी जुन्या लाकडी स्टँडखाली साचलेल्या कचऱ्याने पेट घेतला आणि अवघ्या काही मिनिटांत सारा स्टँड ज्वाळांनी वेढला गेला. ५६ माणसे दगावली. पोलीस आणि प्रेक्षक स्वतःचा जीव धोक्यात घालून लोकांना ओढून बाहेर काढत होते. कोणाच्या गळ्यात कुठल्या रंगाचा मफलर आहे, हे पाहायला त्या वेळी कोणाला सवड होती?

मरण पावलेल्यांमध्ये दोघे लिंकनचे समर्थक होते: बिल स्टेसी आणि जिम वेस्ट. आज लिंकनच्या मैदानावर एका स्टँडला या दोघांचे नाव आहे, स्टेसी-वेस्ट स्टँड. आणि ब्रॅडफर्डची माणसे स्मरण करतात ते ५६ जणांचे. आपले ५४ आणि पाहुण्यांचे दोन, अशी वाटणी ती करत नाहीत.

एकच दिवस, एकच खेळ. एका मैदानावर ‘ते’ आणि ‘आम्ही’ यांच्यातली रेघ इतकी खोल गेली की एका मुलाचा जीव गेला. दुसऱ्या मैदानावर आगीने ती रेघच पुसून टाकली. प्रश्न असा आहे, की ती पुसायला आगीची वाट का पाहावी?

अगदी खालच्या श्रेणीतल्या मैदानांवर एक साधी प्रथा दिसते. तिथे यजमान-पाहुण्यांना वेगळे ठेवणारे कुंपण नसते. प्रत्येक गटाला समोरच्या गोलच्या मागे, म्हणजे आपला संघ जिकडे हल्ला चढवतो तिकडे, उभे राहायचे असते. मध्यंतरानंतर संघ बाजू बदलतात, म्हणून समर्थकही जागा बदलतात. मघापर्यंत एकमेकांविरुद्ध ओरडणारे दोन घोळके समोरासमोरून जातात. कोणी मान हलवतो, कोणी थट्टा करतो. मग पुन्हा आपापल्या संघासाठी ओरडा सुरू! निष्ठा तीच राहते, फक्त तिच्यात विष नसते.

संत लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात प्रभू येशू बहात्तर शिष्यांना परक्या गावी पाठवतो. आकडा मघाच्या क्लबांचाच, हा निव्वळ योगायोग! पण प्रभूची शिकवण पाहा. घरात शिरताच आधी शांती द्या, पुढे वाढतील ते खा, घरे बदलत फिरू नका. आपला संदेश लपवा असे मात्र तो सांगत नाही. चांगला पाहुणा लाचार नसतो आणि उद्धटही नसतो.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात शंभरात एकही माणूस ख्रिस्ती भरत नाही. आपण इथे पाहुणे नाही, याच मातीतले आहोत. पण संख्येने मोजके आहोत. मोजक्यांनी आपले गाणे मोकळ्या गळ्याने गावे, मात्र शेजाऱ्याच्या गाण्याची टिंगल करू नये. आणि चर्चमध्ये जिथे आपण यजमान आहोत, तिथे शेवटच्या बाकावर संकोचून बसलेले नवीन कुटुंब आपल्याला दिसते का? दुसऱ्या धर्मग्रामाशी सामना हरल्यावर आपली मुले कोणते शब्द तोंडात आणतात? बहुधा आपलेच.

आज मिस्सानंतर बाहेर पडताना त्या शेवटच्या बाकापाशी क्षणभर थांबू या. नाव विचारू या. शांती आधी आपण देऊ या.