अंगण वाकडे असते तेव्हा

‘नाचता येईना, अंगण वाकडे’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो. तिचा सारा रोख नाचणाऱ्यावर आहे. आपल्या पायाचा दोष अंगणावर ढकलू नये, एवढे ती सांगते. पण अंगण खरोखरच वाकडे असेल तर? आणि नाचण्यात तरबेज असलेला एखादा वाकड्या अंगणातही सफाईने नाचून गेला, वर ‘अंगण सपाट आहे’ अशी ग्वाही देऊन गेला, तर त्याच्या मागून येणाऱ्याने कोणाकडे दाद मागावी? इन्साफाने तोलायचे म्हणजे अंगण किती आणि पाय किती, हे वेगळे करायचे. ते करता येते का, हा आमचा प्रश्न आहे.

त्यासाठी आम्ही एक क्षुल्लक वाटणारे उदाहरण घेतो. ते आहे जपानी महाकाय यंत्रमानवांच्या प्लास्टिक मॉडेलचे. वह्या तपासून झाल्या की आम्ही ही किट जोडत बसतो आणि इतरांनी लिहिलेली त्यांची परीक्षणेही आवडीने वाचतो.

१९७९ साली जपानी दूरचित्रवाणीवर योशियुकी तोमिनो यांची ‘मोबाइल सूट गंडम’ ही चित्रमालिका सुरू झाली. पुरेसे प्रेक्षक न मिळाल्याने ती ४३ भागांतच आटोपती घ्यावी लागली. पुढे जुलै १९८० मध्ये बांदाई कंपनीने तिच्यातल्या यंत्रमानवाचे किट ३०० येनला बाजारात आणले आणि मुलांच्या त्यावर उड्या पडल्या. कथेतला गंडम १८ मीटर उंच आहे. १/१४४ प्रमाणातले हे किट जेमतेम साडेबारा सेंटिमीटरचे, म्हणजे वितीहून कमी. तेव्हा भाग चिकटद्रव्याने जोडावे लागत आणि रंग आपला आपण द्यावा लागे. पुढे १९९० ला ‘हाय ग्रेड’, १९९५ ला ‘मास्टर ग्रेड’ आणि २०१० ला ‘रियल ग्रेड’ अशा मालिका आल्या. आता भाग नुसते दाबले की बसतात आणि बहुतेक रंग प्लास्टिकमध्येच असतो.

तरीही हाताचे काम संपलेले नाही. सगळे भाग ‘रनर’ नावाच्या प्लास्टिकच्या चौकटीला बारीक देठांनी धरलेले असतात. निपर या छोट्या पकडीने ते कापून काढायचे. एकाच घावात अगदी मुळाशी कापले, तर प्लास्टिकवर ताण येऊन पांढरा डाग उमटतो. म्हणून आधी थोडे अंतर राखून कापायचे, मग उरलेला खुंट हलक्या हाताने छाटायचा आणि पॉलिश पेपरने घासायचा.

परीक्षण लिहिणारा सांगतो, की सांधे किती वाकतात, जोडाची रेघ समोर दिसते की खुबीने लपवली आहे, रंगाची उणीव स्टिकरवर भागवली आहे का, हातातली बंदूक टिकते की निसटते. इथेच अंगण आणि पाय यांची गल्लत होते. घाईने खुंटी मोडणारा लिहितो, ‘प्लास्टिक ठिसूळ आहे.’ हा पहिला अन्याय, आणि म्हणीने त्याला केव्हाच पकडले आहे. दुसरा अन्याय म्हणीच्या जाळ्यातून सुटतो. वीस वर्षांचा सराव असलेला कारागीर सैल सांधा घट्ट करतो, रेघ भरून घासतो, उत्तम रंग देतो आणि लिहितो, ‘किट सुरेख आहे.’ त्याचा एकही शब्द खोटा नसेल. पण त्या शब्दावर विसंबून हजार-दोन हजार रुपये खर्चणाऱ्या नवख्या पोराच्या हाती तो सैल सांधाच येतो. परीक्षणावर कोणीतरी भरवसा ठेवतो, म्हणून ती एक अमानत आहे. खेळण्याचे असले म्हणून तिचे वजन कमी होत नाही.

जपानी छंदिष्टांनी यावर एक तोड काढली आहे. ‘सुगुमी’ म्हणजे रंग न देता, पदरची भर न घालता, सूचनापत्रकाप्रमाणे केलेली नुसती जोडणी. चांगले परीक्षक आधी ती दाखवतात, मग आपली कलाकुसर.

यावर आक्षेप येईल, की कोरा हात कोणाचाच नसतो. सुगुमीतही सरावलेला हात निपर वेगळाच चालवतो. आक्षेप खरा आहे. अंगण आणि पाय पूर्णपणे वेगळे करता येत नाहीत, हे आम्ही मान्य करतो. पण त्यावरून परीक्षाच सोडून द्यावी, असे ठरत नाही. वजनात काय काय मिसळले आहे हे सांगणे तरी आपल्या हाती असते. माझा सराव इतका, हत्यारे ही, एवढी भर माझी, असे आधी सांगून मग मत द्यावे. निर्दोष तराजू कोणालाच मिळत नाही. आपल्या तराजूत पासंग किती आहे, हे सांगणारा प्रामाणिक ठरतो.

हा हिशोब आम्हाला वर्गात फार जड जातो. उर्दू माध्यमाच्या शाळेत एकाच बाकावर तीन मुले बसतात. एकाच्या घरी पुस्तकातली उर्दू बोलली जाते, दुसऱ्याच्या घरी दखनी, तिसऱ्याच्या घरी कोकणी. प्रश्नपत्रिका तिघांना एकच. पहिला वर आला की फलकावर शाळेचे नाव झळकते. तिसरा मागे पडला की ‘घरी लक्ष देत नाहीत’ हे वाक्य तयार असते. यश साच्याचे आणि अपयश हाताचे, अशी ही सोयीची वाटणी आपल्या समाजात सर्रास चालते.

मूल म्हणजे किट नव्हे, हे सांगायला नको. त्याच्या भागांवर क्रमांक नसतात, सोबत सूचनापत्रक येत नाही आणि खराब निघाले म्हणून पेटी परतही करता येत नाही. पण म्हणूनच, साडेबारा सेंटिमीटरच्या खेळण्यासाठी लोक जेवढी काळजी घेतात, तेवढी तरी गुणपत्रकाने घ्यायला नको का? शंभरातले चाळीस गुण लिहिताना ते मूल कुठून निघाले, त्यात आपण किती भर घातली आणि कुठे घातलीच नाही, हे शेजारी लिहायला रकाना नाही. रकाना नसला तरी पालक समोर येऊन बसतात, तेव्हा तोंडाने सांगता येते. ‘तुमचा मुलगा कमी पडला’ या वाक्याआधी ‘आमचे अंगण या जागी वाकडे आहे’ हे सांगण्याची हिंमत शिक्षकाने दाखवली, तर त्याच्या पुढच्या वाक्यावर बाप विश्वास ठेवेल.