राखीव ताकद कोणाच्या मालकीची?

टर्बोची गाडी घेतली की महिना-दोन महिन्यांत कोणीतरी एक वाक्य ऐकवतंच. "कंपनीनं ताकद दाबून ठेवलेली असते रे, मोकळी करून घे."

हे वाक्य गंगापूर तालुक्यात रुजायला जमीन चांगली आहे. वाळूजची एमआयडीसी याच तालुक्यात. गाड्या आणि गाड्यांचे सुटे भाग बनवणारे हात इथे घरोघरी सापडतील. शहराच्या दुसऱ्या टोकाला शेंद्रा आहे, तिथे 2001 पासून स्कोडाच्या ऑक्टाव्हियाची जोडणी सुरू झाली. आणि आता तालुक्यातून समृद्धी महामार्ग जातो. सरळसोट काँक्रीट, मोटारींना ताशी 120 किलोमीटरची परवानगी. गाडीत अजून किती दम आहे, हा प्रश्न अशा रस्त्यावर आपोआप पडतो.

त्यात पुरावाही हाताशी असतो. 2004 मध्ये ऑक्टाव्हियाची आरएस आवृत्ती भारतात आली, 1.8 लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन आणि 150 अश्वशक्ती. युरोपात त्याच नावाच्या गाडीला 180 अश्वशक्ती होती. मग मधल्या 30 कुठे गेल्या? आपल्या पैशांतून आपलीच ताकद कापली, असं कोणालाही वाटेल. खरं तर असा फरक नुसत्या प्रोग्रॅमचा नसतो. टर्बोचा आकार, इंटरकूलर, मिळणारं पेट्रोल असं बरंच काही त्यामागे असतं. पण मनात बसतो तो आकडा.

आता ही ताकद मोकळी करतात म्हणजे काय करतात, ते आधी पाहू.

इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुराच्या जोरावर एक पंखा फिरतो. त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतो. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरनं 1905 मध्ये या कल्पनेचं पेटंट घेतलं. हवा जास्त, म्हणून इंधन जास्त जाळता येतं, म्हणून ताकद जास्त. पण हे चक्र स्वतःलाच खाऊ घालतं. ताकद वाढली की धूर वाढतो, धूर वाढला की पंखा आणखी जोरात फिरतो. म्हणून एक झडप ठेवलेली असते, वेस्टगेट. दाब ठरावीक मर्यादेला पोचला की ती उघडते आणि जादा धूर पंख्याला वळसा घालून निघून जातो.

ही झडप कधी उघडायची, हे ॲक्च्युएटर ठरवतो. तो म्हणजे एक छोटा डबा. आत पडदा आणि स्प्रिंग. टर्बोचा दाब एका नळीतून त्याच्यापर्यंत येतो. समजा स्प्रिंग अर्ध्या बारची आहे. दाब अर्धा बार झाला की स्प्रिंग दबते आणि झडप उघडते.

इलेक्ट्रॉनिक बूस्ट कंट्रोलर बसतो तो या नळीवर. त्यातला सोलेनॉइड सेकंदाला कितीतरी वेळा उघडझाप करतो आणि नळीतला थोडा दाब बाहेर सोडून देतो. टर्बोचा खरा दाब असतो पाऊण बार, ॲक्च्युएटरला कळतो अर्ध्याहून कमी. तो बिचारा झडप बंद ठेवतो आणि दाब वाढत राहतो. सोलेनॉइड किती टक्के वेळ उघडा ठेवायचा, त्या आकड्याला ड्यूटी सायकल म्हणतात.

थोडक्यात, सगळी करामत राखणदाराला अर्धी बातमी देण्याची आहे.

यावरून कोणी म्हणेल, म्हणजे हा प्रकारच खोटेपणाचा. पण तसं नाही. आजच्या बहुतेक टर्बो पेट्रोल गाड्यांत कंपनीचा संगणक मुळातच असा दाब सांभाळत असतो. फरक एवढाच की, तो ॲक्च्युएटरला कमी सांगतो तेव्हा स्वतः मात्र सगळं ऐकत असतो. नॉक सेन्सरवर त्याचे कान असतात, आत येणाऱ्या हवेचं तापमान त्याला ठाऊक असतं. गडबड वाटली की तो लगेच दाब उतरवतो. बाहेरून लावलेला स्वतंत्र कंट्रोलर बऱ्याचदा फक्त दाब पाहतो. इंजिनाचं काय होतंय, ते ट्यून करणाऱ्यानंच पाहायचं.

म्हणून जाणता ट्यूनर सुरुवात शून्यापासून करतो. आधी ड्यूटी शून्य, म्हणजे नुसत्या स्प्रिंगचा दाब. मग थोडं थोडं वाढवत जायचं. दर वेळी त्याच गिअरमध्ये, खालच्या आरपीएमपासून ओढून नोंद पाहायची. दाब ठरलेल्या आकड्याच्या वर उसळी मारतो का? हवा-इंधनाचं प्रमाण बिघडतं का? नॉक होतोय का? मग येतो गेन, म्हणजे चूक दिसल्यावर कंट्रोलरनं किती जोरात दुरुस्ती करायची ते. गेन कमी तर दाब चढायला उशीर. गेन जास्त तर दाब वर-खाली हेलकावे खात राहतो. शेवटी एक वरची हद्द घालायची. ती ओलांडली की काहीही होवो, दाब तुटला पाहिजे.

या कामातली खरी अडचण हत्यारांची नाही. अडचण ही आहे की इंजिनाची मर्यादा आधी दिसत नाही, ओलांडल्यावर कळते. नॉक म्हणजे स्फोट वेळेआधी, नको तिथे होणं. तो जोराचा झाला तर काही सेकंदांत पिस्टन तडकू शकतो. तुटेपर्यंत ताणू नये, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण तुटण्याची जागा कुठे आहे, ते दोरी सांगत नाही. त्यामुळे ट्यून करणाऱ्याचं कसब दाब किती चढवला यावर मोजता येत नाही. तो कुठे थांबला, यावर मोजावं लागतं.

आणि इथेच मूळ प्रश्न येतो. थांबण्याची जागा आणि तुटण्याची जागा यांच्यामध्ये जी ताकद उरते, ती कोणाची?

साधं उत्तर आहे, गाडी माझी, पैसे माझे, धोका माझा. हे उत्तर हसण्यावारी नेण्यासारखं नाही. कंपन्या एकच इंजिन दोन ताकदींत, दोन किमतींत विकतात, हेही खरं आहे. तेव्हा काही राखीव ताकद निव्वळ बाजाराच्या हिशोबाची असते. ती मागितली तर काय चुकलं?

पण बाकीची राखीव ताकद रिकामी पडलेली नसते. तिच्यावर आधीच नावं लिहिलेली असतात. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो, त्या दुपारचं नाव. आडरस्त्याच्या पंपावर मिळालेल्या भेसळीच्या पेट्रोलचं नाव. कापसाच्या हंगामातल्या धुळीनं गुदमरलेल्या एअर फिल्टरचं. लाखभर किलोमीटर चालून झिजलेल्या भागांचं. ट्यूनिंग होतं एका थंड सकाळी, चांगलं पेट्रोल भरून. ती सकाळ या कोणालाच ओळखत नाही.

नाथसागराच्या काठच्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही. जायकवाडीत 102 टीएमसी पाणी मावतं, त्यातलं सुमारे 26 टीएमसी मृतसाठा. नेहमीच्या दारांनी न निघणारं, तळाचं पाणी. भर पावसाळ्यात कोणी म्हणेल, एवढं पाणी वाया पडून आहे. पण 2019 च्या उन्हाळ्यात धरण मृतसाठ्यात गेलं तेव्हा संभाजीनगरची तहान त्याच पाण्यानं भागवली. 'मृत' म्हटलेल्या पाण्यानंच जगवलं.

यातली एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. मृतसाठ्याला हात घातला तेव्हा तो सगळ्यांना माहीत होता. पेपरात रोज आकडा येत होता, धरण किती टक्के उणे. नळाला पाणी कमी का येतं, ते शेवटच्या गल्लीतल्या बाईलाही ठाऊक होतं. राखीव वापरणं हा अपराध नव्हता, ती गरज होती. वापरतोय हे उघड होतं, म्हणून पुढचे निर्णय लोकांना घेता आले.

ट्यून केलेल्या गाडीचं उलटं होतं. बोनेट उघडलं तरी नवख्याला काही दिसत नाही. मागच्या सीटवर बसलेल्या आजीला माहीत नसतं. समोरून येणाऱ्या दुचाकीवाल्याला माहीत नसतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, विकायच्या आदल्या दिवशी मूळ प्रोग्रॅम परत टाकून, कंट्रोलर काढून गाडी 'एकदम कंपनी कंडिशन' म्हणून उभी करता येते. घेणारा एखादा तरुण कर्ज काढून ती नेतो. वर्षभरात इंजिन बसतं. त्याला वाटतं, आपलं नशीब खोटं. मागच्या मालकाच्या मजेचा हप्ता आपण भरतोय, हे त्याला कधी कळत नाही.

ॲक्च्युएटरला अर्धी बातमी देणं हे तंत्र आहे. माणसाला अर्धी बातमी देणं ही फसवणूक आहे. दोन्हींत हात एकाच माणसाचा असतो, म्हणून ती रेघ त्यानंच सांभाळायची.

कायदा याहून कडक आहे. मोटार वाहन कायद्याचं 52 वं कलम कंपनीच्या मूळ रचनेत मनमानी बदलांना मनाई करतं. 2019 च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणजे रस्त्यावरच्या गाडीला तुम्ही अशी छेडछाड करावी, असं मी सुचवत नाही. पण कायदा पकडेल की नाही, यावर नीती ठरत नाही. सोलेनॉइड काढून ठेवला की पोलिसाला काही सापडत नाही, तरी झालेली झीज इंजिनात राहतेच.

बंद ट्रॅकवर मात्र चित्र बदलतं. तिथे गाडी ताणण्यासाठीच आणलेली असते. चालवणाऱ्याला माहीत, शेजारून जाणाऱ्याला माहीत, मेकॅनिकला माहीत. तिथे इंजिन फुटलं तर दुःख होतं, पण अन्याय होत नाही. दाब तोच, धातू तोच. बदलली ती एकच गोष्ट, ज्याला झळ लागू शकते त्या प्रत्येकाला आधी खबर होती.

म्हणून "गाडी माझी" हे वाक्य अर्धं खरं आहे. पत्रा तुमचा, इंजिन तुमचं, आरसी बुकावर नाव तुमचं. पण इंजिनातली राखीव ताकद ही तुमच्याकडे ठेवायला दिलेली वस्तू आहे. त्यात उद्याच्या उन्हाचा वाटा आहे, मागच्या सीटचा आहे, पुढच्या मालकाचा आहे. त्यातलं काही खर्चलं असेल तर सर्व्हिस बुकात तारखेसह लिहून ठेवा, किती दाब, किती दिवस. गाडी विकताना ते पान उघडून दाखवा. किंमत दहा-वीस हजारांनी उतरेल. तो खर्च तुमचा आहे, घेणाऱ्याचा नव्हे.